वांग्याची गाय

— नाही नाही, तिथं नका बसू ओनोदेरा-सान, त्या उशीवर तिनं सांडून ठेवलंय, ते आपलं हिरव्या पाल्याचं कडू पाणी, लोखंडी नळीनं सुर्र सुर्र ओढत बसते ना सकाळ-संध्याकाळ, त्याचा डाग जाता जात नाही — इकडं बसा, खिडकीशी. घाई कसली आहे एवढी? बॅगा काय पळून चालल्यात? वरच आहेत, जिन्याच्या तोंडाशी. भरल्यात का? छे हो. कपडे कुठं वाळलेत अजून! आमचं सागाएचं सप्टेंबरचं ऊन तुम्हाला काय माहीत, दुपारी तेवढं तोंड दाखवतं अन् डोंगराआड पळतं. अन् ओले कपडे बॅगेत कोंबून द्यायची पद्धत असेल तुमच्या सेन्दाईला, आमच्यात नाही. चहा घ्या. घ्या म्हणते ना. ऐन पावसाळ्यात मी तुमच्या कचेरीत फोन केला, की बाबांनो ही पोरगी घेऊन जा, मला नाही झेपत — अन् तुम्ही उगवताय कधी, तर भात कापायला आल्यावर! एवढे दिवस दम निघाला, मग आता चहापुरता निघत नाही? अगदी बरोबर.

म्हणजे आज नेणार तुम्ही तिला. मालेनाला. यामागाता शहरात, त्या दातांच्या डॉक्टरच्या घरी. मोठं घर आहे म्हणता. पियानो आहे म्हणता. बरं. पियानोवाली माणसं मी पाहिलीत — पियानोवर जाळीचा रुमाल, रुमालावर बाहुली, अन् बाहुलीवर धूळ. वाजवत कुणी नाही. पण असू दे, आर्जेंटिनाहून आलेल्या पोरीला तेवढंच बरं वाटेल. मला काय त्याचं! मला तर सुटल्यासारखंच होणार आहे. अहो, तुम्हाला कल्पना नाही काय चीज पाठवलीत तुम्ही माझ्याकडे. सतरा वर्षांची घोडी, अन् आल्या दिवशी काय केलं सांगू? आमच्या आळीचे अध्यक्ष, कुदो-सान, बिचारे नवा कोट घालून स्वागताला आले होते, वाकून नमस्कार करतायत, तर हिनं त्यांना खांद्याला धरून गालावर मुका घेतला. एक नाही, दोन्ही गालांवर! कुदो-सानच्या बायकोनंसुद्धा कधी घेतला नसेल. तो माणूस आठवडाभर आमच्या गल्लीतनं गेला नाही. अन् नंतर रोज जायला लागला, ते वेगळं.

शाळेचं विचारता? काय शिकते ती शाळेत! पहिल्या तासाला झोपते, दुसऱ्या तासाला झोपलेलीच असते. शाळा सुटल्यावर वर्ग झाडायला मात्र पुढं. फडकं ओलं करून व्हरांडाभर धावत सुटतात ना पोरं, त्यात हिला पहिलं यायचं असतं — गुडघे सोलून घेतलेत. धनुष्यबाणाच्या मंडळात नाव घातलंय, तर पहिला बाण कुठं लागला, शाळेच्या मुताऱ्यांच्या कौलाला. अन् हे घरी येऊन सांगते कशी, पदक मिळाल्यासारखं. सायकल चालवते ती रस्त्याच्या मधोमध, वळणावर दोनदा घंटी वाजवते, रस्त्यात कुत्रंसुद्धा नसताना. डबा? डबा रोज मी करते, करणार कोण! पाचला उठून. गोड अंड्याची गुंडाळी, मासळीचा तुकडा, लोणचं. ती डबा धुते, नाही असं नाही, न सांगता धुते, पण झाकणाची रबरी कड काढून धुवायची अक्कल नाही, तिथं सगळा वास राहतो — रोज मलाच परत धुवावा लागतो. अन् वर शाळेत जाऊन गावभर केलंय, की माझ्या आईची अंड्याची गुंडाळी सगळ्यांत भारी. आता दोन पोरी अजून येतात शनिवारी, खायला. मी काय खानावळ उघडलीय?

हो, आई म्हणते मला. तुम्हीच शिकवून पाठवता ना सगळ्यांना, यजमानीणबाईला आई म्हणायचं. फुकटचं आहे, म्हणायला काय जातंय! मला काही हौस नव्हती हो. हे सगळं आमच्या चिरंजिवांचं डोकं. नोरिआकीचं. कावासाकीला असतो, लिफ्टच्या कंपनीत. म्हणाला, आई, तू एकटी असतेस, परदेशी विद्यार्थी ठेव, घरात जाग राहील. जाग! म्हणजे याला यायला नको. दर ओबोनला सगळं जपान आपापल्या पितरांसाठी गावी जातं अन् याला गाडीचं तिकीट मिळत नाही. आता आपल्या जागेवर एक पोरगी बसवली की हा मोकळा. मी काय एवढीही बावळट नाही, मला कळतं. पण हो म्हटलं. का म्हटलं? म्हटलं आपलं. खोली रिकामी होती.

चहा गार होतोय तुमचा.

जुलै लागता लागता चेरीची शेवटची तोडणी होती. बाग आता शेजाऱ्याला दिलीय कसायला, पण घरामागची चार झाडं मी ठेवलीत. तर ही आली मदतीला. मदत! एक टोपलीत, दोन तोंडात. अन् खायच्या तर कुठल्या — अख्ख्या, लालभडक, खोक्यात एकेक मांडून पाठवतात ना तसल्या! आमच्या घरात ती पद्धत नव्हती ओनोदेरा-सान. पावसानं तडकलेल्या असतील त्या घरच्यांना, अख्ख्या बाजाराला. आमच्या ह्यांचा नियम. तेइजोंचा. फोटो आहे बघा तिकडं, देव्हाऱ्यात — तोच चेहरा, फोटोत रागावलेत असं वाटतं तुम्हाला, पण तो बरा दिवस होता. चाळीस वर्षं मी त्या बागेत शिडीवर चढले अन् अख्खी चेरी कशी लागते ते मला माहीत नव्हतं. एकदा, लग्न नवं होतं तेव्हा, एक तोंडात टाकली तर म्हणाले, ‘गिऱ्हाईक आहेस का तू?’ बस्स. मारलं नाही, ओरडले नाहीत. नुसतं तेवढंच. अन् मी परत खाल्ली नाही. ते गेल्यावरही नाही, सवयच मोडली होती. तर ही भवानी शिडीखाली उभी, म्हणते, आई, आ कर. म्हटलं, काम कर काम. तर हिनं कोंबलीच! न धुतलेली! बोटं सगळी रसानं बरबटलेली, ती माझ्या तोंडाला! — आता काय लागली कशी म्हणून विचारता, चेरीसारखी लागली, आणखी कशी लागणार!

हं. तर तो फोन. सांगितलं ना मी तुमच्या बाईंना फोनवर, आंघोळीच्या टबाचं बूच काढलं तिनं. पाहुणी म्हणून पहिल्या आंघोळीचा मान दिला, तर अंग शेकून झालं अन् सरळ बूच उपटून सगळं गरम पाणी सोडून दिलं. घरातल्या सगळ्यांनी अंग धुऊन मग त्याच पाण्यात उतरायचं असतं, हे शेंबड्या पोराला कळतं. मी आपली टॉवेल घेऊन उभी, अन् आत नुसती ओली फरशी. आता तुम्हीच सांगा, कुणालाही राग येईल की नाही! — कधी? कधी म्हणजे... एप्रिलमध्ये. आल्या आल्याच. हो, फोन मी जुलैत केला. मग? एप्रिलचा राग जुलैत येऊ नये असा काही कायदा आहे का? असं काय बघता? तुम्ही तुमच्या पोरापोरींच्या बदल्या करा, लोकांच्या रागाचे महिने मोजू नका.

बरं, सांगते, उगाच तुमच्या डोक्यात भलतं नको. त्या चेरीच्या दिवशी रात्रीचं जेवत होतो. हिचं तोंड एक मिनिट बंद नसतं. त्या फोटोकडं बघत बघत भात खात होती, अन् मध्येच म्हणाली, ‘आई, तुला ते आवडायचे का गं?’ अशी! आवडायचे का गं! मोठ्यांशी कसं बोलावं ते शिकवता शिकवता माझी जीभ झिजली, पण ही आपली मैत्रिणीशी बोलल्यासारखी. अन् विचारायचं काय, तर हे? अहो, माझ्या सख्ख्या बहिणीनं विचारलं नाही. माझ्या आईनं मरताना विचारलं नाही. नोरिआकीनं तर बापाच्या अस्थी उचलतानाही नाही. चाळीस वर्षं सगळ्या गावानं मला जेवणाचं विचारलं, तब्येतीचं विचारलं, पिकाचं विचारलं, अन् ही कोण कुठली, सात समुद्रापलीकडनं आलेली, तोंडात भाताचा घास, अन् विचारते. मी म्हटलं, मिसोचं सार गार होतंय तुझं. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या कचेरीत फोन केला. बूच सांगितलं. बूच सांगायला सोपं होतं.

झालं समाधान? प्या आता चहा. नसेल प्यायचा तर नका पिऊ, पण नुसता हातात धरून बसू नका, पेला काय शेकायला दिलाय?

मग तुम्ही लोकांनी काय केलं, तर काहीच नाही. मी रोज वाट बघतेय, आज येतील, उद्या येतील. जुलै गेला. ऑगस्ट आला, ओबोन आलं. मी आपली दरवर्षीसारखी तेराव्या तारखेला देव्हाऱ्यापुढं चटई टाकली, फळं मांडली, अन् बागेतनं काकड्या आणल्या. ही शाळेतनं शिकून आली होती सगळं, मलाच शिकवायला लागली — की आई, काकडीला काड्यांचे चार पाय लावले की तो घोडा, पितरांनी त्यावर बसून भरधाव घरी यायचं. अन् वांग्याला चार पाय लावले की ती गाय, जाताना तिच्यावर बसून रमतगमत जायचं, म्हणजे घरच्यांचा सहवास जास्त मिळतो. म्हटलं, बाई गं, पासष्ट वर्षं मी हेच करतेय, मला नको सांगू. तर ही चटईजवळ उकिडवी बसली, इकडून बघते, तिकडून बघते, अन् म्हणाली, ‘आई, गाय कुठाय? हे तर दोन घोडे आहेत.’

— तुम्हालाही आता कळलं, नाही का.

हो, दोन काकड्या. आज अकरा ओबोन झाले, मी दोन काकड्या ठेवतेय. यायला घोडा अन् जायलाही घोडा. यावं, हात जोडून घ्यावेत, अन् सुटावं. कुणाच्या लक्षात नव्हतं आलं. दुसरी मी जरा मागं ठेवायची, घंटेच्या आड. मंत्र म्हणायला भटजी येतात, त्यांच्या नाही आलं, नोरिआकीच्या तर काय — तो येतच नाही. अन् हिच्या आलं. हिला बूट सरळ लावायचे लक्षात राहत नाही, रबरी कड लक्षात राहत नाही, अन् हे आलं! मी म्हटलं, यंदा वांगी नाहीत. म्हणजे बघा, स्वयंपाकघरात टोपलीभर वांगी, दारातनं दिसतायत, अन् मी म्हणते वांगी नाहीत. ती उठली. गेली, सगळ्यांत मोठं वांगं घेऊन आली — मिसोत घालायला राखून ठेवलेलं मी ते — अन् बसली गाय करत. अन् पाय कशाचे लावले असतील? चॉकलेट लावलेल्या त्या बिस्किटांच्या काड्या! ऑगस्टच्या उकाड्यात! संध्याकाळपर्यंत चॉकलेट वितळलं, बिस्किटं मऊ पडली, अन् गाय बसली. फतकल मारून बसली चटईवर. ही म्हणते, बघ आई, तिला जायचंच नाही. अन् खो खो हसतेय, देव्हाऱ्यापुढं.

आता बसलेली गाय ठेवणार का पितरांपुढं? आळीतली माणसं येतात पाया पडायला. मग मलाच करावे लागले पाय. काडी शोधायला ड्रॉवर उघडला, तर हाताला त्यांच्याच लागल्या, जेवायच्या काड्या, काळ्या लाखेच्या. नुसत्या पडून होत्या इतकी वर्षं. मोडल्या. कटकन मोडल्या हो, चांगल्या मजबूत होत्या, गुडघ्यावर घेऊन मोडाव्या लागल्या. अन् चार पाय खुपसले. उभी राहिली. कसली गाय, डुकरीण दिसत होती, पण उभी राहिली.

सोळाला संध्याकाळी दारात निरोपाचा जाळ केला. दरवर्षी मी काड्या पेटवते, हात जोडते, अन् बादलीभर पाणी ओतून आत येते — काम झालं. यंदाही बादली भरून ठेवली होती. ही बादलीवरच बसली! उलटी करून, पाणी फेकून, वर बसली. म्हणाली, आई, गाय सावकाश चालते ना, मग एवढ्यात कशाला विझवतेस? मग काय करता! बसले पायरीवर. दुसरं पाणी आणायला गुडघे दुखत होते माझे. काडी काडी जळत होती. कुदो-सानच्या दारातला जाळ विझला, समोरच्यांचा विझला, आमचाच आपला धुमसतोय. अन् तोंडातनं निघालं माझ्या, सावकाश जा हो. एवढंच. सावकाश जा. — धूर होता फार. डोळ्यात गेला. ओल्या काड्या विकतात हल्ली दुकानदार, लाज नाही लेकाच्यांना.

अन् मग ती म्हणाली, म्हणजे आवडायचे. म्हटलं, गप. म्हटलं, मला त्यांचा राग यायचा, अन् मी त्यांच्याशी चाळीस वर्षं राहिले, अन् ह्या दोन्हींच्या मध्ये काय असतं ते तुला कळायला अजून अक्कल यायचीय. ती म्हणाली, बरं. अन् डोकं टेकलं माझ्या खांद्याला. जड डोकं आहे. घामट.

काय? गाडीत बॅगा बसतील ना? बसतील की. तुमची मोठी गाडी आहे, बघितली मी, दारासमोर तिरकी लावलीय. वेगात जात असेल. यामागाताला अर्ध्या तासात, नाही? सांगितलं आहे का तुम्ही तिला? नाही ना? मी फोन केला होता हे तिला कुणी सांगितलेलं नाही ना? बघा हं. चुकूनही नको. — ती आत्ता नदीवर आहे. रविवारी आमच्या आळीचा अळकुड्यांचा रस्सा आहे नदीकाठी, चुलीचे दगड निवडायला गेलीय कुदो-सानबरोबर. म्हणे आर्जेंटिनात सगळे जाळावर मांस भाजतात, तर चूल तिच्याकडं दिलीय. अख्ख्या आळीची चूल एका परक्या पोरीच्या हातात, म्हातारचळ लागलाय सगळ्यांना. पण मांस गाईचं अन् सोयाचा रस्सा, हे तिला बरोबर कळलंय, पहिल्या घासाला कळलं. तुमच्या सेन्दाईसारखं डुकराचं मांस अन् मिसो कालवून त्याला अळकुड्यांचा रस्सा म्हणत नाही ती. त्या बाबतीत तिला तुमच्याहून जास्त समजतं, वाईट वाटून घेऊ नका.

अन् त्या दातवाल्याकडं रविवारी काय असणार? पियानो. तो काय चुलीवर ठेवायचाय? डबा कोण करेल? विकतचा आणतील. ती सांगणार नाही हो तिला काय हवं ते, ती नुसती बडबडते, हवं ते कधी सांगत नाही. ताप आला तरी हसते. मे महिन्यात घरच्या आठवणीनं रडली तर बाथरूमचा नळ सोडून रडली, मला ऐकू येऊ नये म्हणून. पाणी किती गेलं! दुसऱ्या दिवशी अंड्याची गुंडाळी जरा मोठी केली. झालं. ह्यातलं काय ठाऊक त्या डॉक्टरिणीला? तुम्हाला तरी काय ठाऊक? तुम्ही नुसते बॅगा उचलणारे. महिने महिने झोपा काढता अन् मग येता, ज्याला नको झालंय त्याच्याकडनं उचलता, ज्याला हवंय त्याच्या... जाऊ दे.

— थांबा. ऐकलं? घंटी. दोनदा. आलीच की ती वळणावर.

उठा. उठा म्हणते! वर कुठं निघालात? बॅगा राहू द्या जिथं आहेत तिथं. कपडे वाळले नाहीत सांगितलं ना. आज नाही, उद्या नाही, माझ्या घरात कपडे जानेवारीपर्यंत वाळत नाहीत. मग नेऊन घाला तिला विमानात. कचेरीत काय सांगू म्हणता? सांगा, शिबुए बाईचं डोकं फिरलंय. सांगा, म्हातारी भांडकुदळ आहे, एकदा ने म्हणते, एकदा नको म्हणते. खोटं काय आहे त्यात? — पुढच्या दारानं नाही हो! मागनं, स्वयंपाकघरातनं जा. बूट हातात घ्या. गाडी दिसली तर सांगेन, विमावाला आला होता.

अन् रिकाम्या हातानं जाऊ नका. ह्या काकड्या घ्या. सगळ्या घ्या, पिशवीसकट. तुम्हाला काकड्याच बऱ्या. वांगी? त्या टोपलीला हात लावायचा नाही. जानेवारीत मला एक वांगं लागणार आहे, मोठं. बर्फात कुठनं मिळेल ती माझी काळजी. तुम्ही काकड्या घ्या अन् सुटा बघू, भरधाव. दार ओढून घ्या. हळू!

— आलीस? बूट सरळ लाव आधी, किती वेळा सांगायचं! नाही, कुणी नाही आलं, मी एकटीच बडबडत होते. दोन पेले कशाला म्हणजे? एक तुझा आहे. बस. गार झालाय, पी तसाच.